एका सुरीची तीन म्यानं

सुरी घडवायला मला जवळजवळ पाच महिने लागले. रोज नाही, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास, पण लागले. आणि म्यान मात्र मी एका दुपारचं काम धरून चाललो होतो. दोन तुकडे कापायचे, कडेने शिवायचे, झालं, पिशवीच तर शिवायची आहे. ती दुपार पुढे सात आठवडे चालली आणि तेवढ्यात तीन म्यानं झाली, एक कचऱ्यात गेलं, एक कपाटात पडून आहे, एक वापरात आहे. वापरात आहे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं तसं कमीच, पहिल्या दोघांबद्दल जास्त आहे.

आधी सुरीची मापं सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं गणित त्यावर आहे. पातं १० सेंटीमीटर, पाठीकडे ३.५ मिलिमीटर जाड. मूठ ११ सेंटीमीटर, लाकडी, मधे फुगीर, तिथे जाडी साधारण २० मिलिमीटर. स्टील १०९५, म्हणजे साधं कार्बन स्टील, त्यात ०.९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नाहीच, त्यामुळे धार छान लागते पण ओल्या हाताने धरून तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी गंज हजर. हे मला माहीत होतं, पाच महिने तेच तर करत होतो, तरी म्यान करताना डोक्यात आलं नाही ते नाहीच.

पहिलं म्यान जुन्या बॅगेच्या कातड्याचं. मऊ, काळं, दिसायला एकदम झकास, घरात पडून होतं म्हटल्यावर कशाला विकत आणा. सुरी कागदावर ठेवली, पेन्सिलने बाहेरून रेघ मारली, सगळीकडून एक सेंटीमीटर वाढवून कापलं, असे दोन तुकडे, आणि जाड सुईने कडेने शिवून टाकलं. सुरी आत गेलीच नाही. कागदावर सुरी चपटी असते हो, हातात घेतली की तिला जाडी असते. त्या फुगीर मुठीला वळसा घालायला कातडं कुठून येणार? मग मुठीकडचे टाके उसवले, म्यान फक्त पात्यापुरतं ठेवलं आणि सुरी पडू नये म्हणून वरून एक छोटी पट्टी बटणाने लावली. पुढे काय झालं ते सुरी खिशात ठेवणाऱ्या कुणालाही आधीच कळलं असेल. पट्टी धारेच्या वाटेत येत होती, चौथ्या-पाचव्या वेळी सुरी काढताना ती कापली गेली.

पण खरा घोटाळा खाली होता. आठवड्याभराने सुरी आत घालताना टोक कडेच्या शिवणीतून बाहेर आलं, माझ्या तळहातापासून बोटभर अंतरावर. उलटून बघितलं तर आतून पाच-सहा टाके कापलेले. म्हणजे मी दर वेळी सुरी आत-बाहेर करत होतो तेव्हा धार थेट दोऱ्यावर घासत होती. मी शिवलेली शिवण सुरी आतून उसवत बसली होती आणि मला बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की मी म्यानाकडे पिशवी म्हणून बघतोय, पण सुरीच्या लेखी म्यान ही कापायची आणखी एक वस्तू आहे, तीसुद्धा सारखी धारेला चिकटून असलेली. वर पात्यावर तांबूस ठिपके आले होते ते वेगळंच.

ते ठिपके घेऊन एका मित्राला फोन केला, तो बरीच वर्षं चामड्याच्या वस्तू करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "अरे कातडं कसलं आहे?" मी म्हटलं काळं. तो दोन मिनिटं हसला. मग म्हणाला कापलेल्या कडेला बघ, मधे निळसर राखाडी रंग दिसतो का? दिसत होता. ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. बॅगा, जॅकेटं, बुटांचे वरचे भाग यात बहुतेक तेच असतं, मऊ राहतं, पाण्याला फारसं दाद देत नाही, पण म्यानासाठी दोन्ही बाजूंनी वाईट. एक तर त्यात राहिलेले क्षार आणि ओल मिळून पात्याला गंजायला मदत करतात, आणि दुसरं म्हणजे ते भिजवून आकार दिला तरी आकार धरत नाही, वाळलं की पुन्हा लुळं. म्यानाला लागतं ते झाडांच्या सालींनी कमावलेलं, ज्याला सगळे व्हेज टॅन म्हणतात. ओक, मिमोसा, चेस्टनट, बाभळीची साल, हिरडा, असल्या गोष्टींतलं टॅनिन कातड्यात मुरवतात. ते आरपार एकाच भुऱ्या रंगाचं असतं, पाण्याचा थेंब टाकला की लगेच पिऊन टाकतं आणि तिथे गडद होतं. ओलं असताना मातीसारखं दाबता येतं, वाळलं की त्याच आकारात टणक होतं. सगळा खेळ या एका गुणावर आहे.

मग कातडं आणलं. जाडी औंसात सांगतात याने मी आधी चक्रावलो, मला वाटलं वजन. १ औंस म्हणजे १/६४ इंच, साधारण ०.४ मिलिमीटर. मी ८ औंसाचं घेतलं म्हणजे ३.२ मिलिमीटर. एवढ्या आकाराच्या सुरीला ७ ते ९ औंस चालतं, त्याहून पातळ असेल तर टोक घुसायची भीती आणि त्याहून जाड असेल तर नीट दुमडत नाही. तुकडा खांद्याकडचा घ्यायचा, पोटाकडचा नाही, पोटाकडचा ताणतो आणि वाकडातिकडा वाळतो. हे मात्र मित्राने आधीच सांगितलं होतं म्हणून वाचलो.

दुसरं म्यान करताना माप काढायची पद्धतच बदलली. सुरीला प्लास्टिकची फिल्म गुंडाळली, त्यावरून मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावले, मुठीच्या जेवढ्या भागापर्यंत म्यान यायला हवं तेवढ्यावर, आणि मग ती टेप कात्रीने धारेच्या बाजूने कापून उलगडली. समोर पडला तो सुरीचा खरा झगा, फुगीर मुठीला किती जास्त लागतं ते लगेच दिसतं. पाठीची रेघ मधोमध, दोन्हीकडे दोन बाजू. त्याला धारेकडे १२ मिलिमीटर वाढवले, कातड्याच्या जाडीसाठी थोडी सूट दिली, आणि कागदावर उतरवून घेतलं. म्यान एकाच तुकड्याचं, पाठीकडे दुमडलेलं, शिवण फक्त धारेच्या बाजूला. मागच्या बाजूला वर एक लांब जीभ ठेवली, ती बाहेरच्या बाजूला वळवून शिवली की बेल्ट अडकवायचा लूप होतो. ही जीभ लक्षात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

आणि वेल्ट. याला मराठीत काय म्हणावं मला सुचलेलं नाही, मधली पट्टी म्हणू. दोन बाजूंच्या मधे, धारेच्या कडेला, कातड्याचीच एक १० ते १२ मिलिमीटर रुंद पट्टी घालायची, पात्याच्या आकाराने कापलेली, तिची जाडी साधारण पात्याएवढी. धार टेकते ती या पट्टीवर, शिवण पट्टीच्या पलीकडे, म्हणजे सुरीने कितीही उद्योग केले तरी दोऱ्यापर्यंत पोचायला तिला आधी अर्धा-पाऊण सेंटीमीटर कातडं उभं कापत जावं लागेल. एवढीशी पट्टी, बाहेरून कडेला एक रेघ तेवढी दिसते. पहिल्या म्यानात हीच नव्हती. मुठीकडे ही पट्टी निमुळती करावी लागते, म्हणजे रापीने, कातडं तासायच्या चांभारी सुरीने, तिरकी तासून तासून शेवटी कागदाएवढी, नाहीतर मूठ आत जाताना पायरी लागते. रापी पहिल्यांदाच हातात धरली होती, पहिल्या दोन पट्ट्या तासता तासता तुटल्या. तिसरी जमली.

चिकटवायला काँटॅक्ट सिमेंट, बुटांना वापरतात तो पिवळट गम. दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मग जोडायचं, आणि एकदा जोडलं की जोडलं, सरकवता येत नाही. पट्टीची गुळगुळीत बाजू आधी सँडपेपरने खरवडायची नाहीतर गम धरत नाही.

आता शिवण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा. मशीनच्या शिवणीत दोन दोरे असतात, वरचा आणि खालचा, दोघं कातड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात, एक तुटला की शिवण हळूहळू सुटायला लागते. हाताच्या सॅडल स्टिचमध्ये दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन बोथट सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. एक टाका कापला गेला तरी शेजारचे आपापल्या जागी धरून असतात. भोकं आधी पाडून घ्यायची, सुई नुसती वाट शोधते. मी ४ मिलिमीटर अंतराच्या काट्याने खुणा केल्या, कडेपासून ४ मिलिमीटर आत, आधी ग्रूव्हरने एक बारीक खाच मारून, म्हणजे दोरा त्या खाचेत बसतो आणि घासला जात नाही. मग आरीने, म्हणजे चांभाराच्या टोच्याने, एकेक भोक. आरीचं टोक गोल नाही, पत्त्यांतल्या चौकटसारखं असतं, तिरपं धरलं की भोकही तिरपं पडतं आणि टाका छान कलता बसतो. ड्रिलनेही भोकं पाडणारे आहेत, सरळ पडतात हे खरं, पण ड्रिल कातडं काढून टाकतं, आरी नुसतं बाजूला सारते आणि नंतर ते दोऱ्याभोवती पुन्हा मिटतं. मी आरीच्या बाजूचा आहे. अर्थात हे म्हणताना कबूल करतो की दुसऱ्या म्यानाच्या मागच्या बाजूला माझी भोकांची रेघ सापासारखी गेली होती, कारण १० मिलिमीटर जाडीतून आरी सरळ घालवणं हे मनगटाचं काम आहे आणि माझं मनगट तेव्हा कच्चं होतं.

दोरा किती घ्यायचा? मी कुठेतरी ऐकलं होतं शिवणीच्या लांबीच्या चौपट. शिवण १७ सेंटीमीटर, म्हणून ६८ सेंटीमीटर घेतला, वर थोडा हात धरायला. अर्ध्यात संपला. मग वैतागून बसून हिशोब केला तो असा की एका टाक्याला प्रत्येक सुई ४ मिलिमीटर पुढे जाते आणि १० मिलिमीटर आरपार जाते, म्हणजे १४, दोन सुया म्हणून २८, आणि एवढं करून आपण सरकलो फक्त ४ मिलिमीटर. सातपट! चौपटीचा नियम पातळ कातड्याचा, पाकिटं वगैरे. तीन थरांच्या म्यानाला सातपट अधिक दोन्ही हातांना धरायला पाऊण हात. १७ सेंटीमीटरला मी आता पावणेदोन मीटर घेतो. अर्ध्यात संपला तर नवा दोरा दोन भोकं मागे जाऊन सुरू करायचा, तसा केला, पण जोड दिसतो, माझ्या नजरेला तर फक्त तोच दिसतो.

शिवताना म्यान धरायला तिसरा हात लागतो. त्यासाठी लाकडी चिमटा मिळतो, मी दोन फळ्यांना बिजागरी लावून गुडघ्यात दाबून धरायचा एक केला. सुरुवातीला टाके वेडेवाकडे येत होते, त्याचं कारण असं निघालं की मी कधी उजवी सुई आधी घालत होतो कधी डावी. क्रम एकदा ठरला की तो मोडायचा नाही, पहिली सुई घातली की दुसरी तिच्या त्याच बाजूने, प्रत्येक भोकात, फोन वाजला तरी. आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या आरपार जाता कामा नये, तसं झालं तर तो टाका ना पुढे जातो ना मागे. दोऱ्याला मधमाशीचं मेण नीट ओढून घेतलं की काम सुरळीत होतं, पण करंगळीच्या सांध्यावर दोरा चिरत जातो तो जातोच, दुसऱ्या दिवसापासून मी तिथे टेप लावली. शेवटी तीन टाके उलटे यायचे आणि दोरा कापायचा.

मग भिजवणं. कोमट पाण्यात म्यान बुडवलं, बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की बाहेर. लगेच हात लावायचा नाही, वरचा रंग जरा उजळायला लागेपर्यंत थांबायचं. सुरीला परत फिल्म गुंडाळायची, दोन-तीन थर, धारेवर टेप, मूठसुद्धा झाकायची. आत घालायची आणि मग बोटांनी, चमच्याच्या मागच्या बाजूने कातडं सुरीवर दाबत जायचं, मुठीच्या वळणाशी, पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे. हा भाग इतका छान आहे की वेळ कसा गेला कळत नाही. चपटं कातडं हळूहळू सुरीचा आकार घेतं, हाताखाली दिसतं ते. फक्त नखं कापून बसा. ओल्या कातड्यावर नख लागलं की तो चंद्र कायमचा.

माझी नखं कापलेली होती. पण त्याच सकाळी मी दुसऱ्या एका पात्याला कानस मारत होतो आणि हात नुसते पुसले होते. अर्ध्या तासाने म्यानावर काळे-निळे ठिपके उमटायला लागले, बोटांचे ठसे अगदी रेषांसकट, गुन्हा करून पकडल्यासारखे. लोखंडाचा कीस आणि टॅनिन, दोघं ओल्यात भेटले की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि लोखंड एकत्र करून काळी शाई करायचे तीच ही गोष्ट, आणि चामडं मुद्दाम काळं करायला आजही व्हिनेगरमध्ये स्टीलवूल विरघळवून तेच पाणी लावतात. मी ते न ठरवता केलं. लिंबाच्या रसाने पुसलं की डाग बरेच जातात, पण मी उशिरा पुसलं, दोन-तीन ठसे अजून आहेत.

वाळवताना घाई करायची नाही. उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही, ओलं कातडं जास्त तापलं तर आक्रसतं, कडक आणि ठिसूळ होतं आणि ते परत येत नाही. सावलीत ठेवलं, थोडं आकार धरल्यावर सुरी काढून घेतली, मग एक दिवस तसंच.

दुसऱ्या दिवशी सुरी आत घातली आणि टक् असा आवाज आला. मुठीचा फुगवटा कातड्याच्या खळग्यात बसल्याचा. म्यान उलटं धरलं, हलवलं, सुरी पडली नाही. पट्टी नाही, बटण नाही. मी ते वीस-पंचवीस वेळा केलं असेल, घरचे वैतागले. मग दिमाखात बेल्ट लूपमध्ये घातला, उजव्या कमरेला लावायला गेलो, आणि म्यान पोटाकडे तोंड करून उभं. म्हणजे धारेची बाजू पुढे, पाठ मागे. फिरवून बघितलं, बेल्ट काढून परत घातला, आरशासमोर उभा राहिलो. शेवटी डाव्या कमरेला लावलं, तिथे चपखल.

झालं असं होतं की चांगल्या बाजूवर पेन्सिलची खूण नको म्हणून मी माप कातड्याच्या मागच्या, खरखरीत बाजूवर उतरवलं, आणि कागद उलटा करायला विसरलो. पाठीच्या रेघेच्या दोन्ही बाजू एकसारख्या असल्याने बाकी काहीच बिघडलं नाही, फक्त ती जीभ दुसऱ्या अर्ध्यावर गेली. त्या एका जिभेने चार आठवड्यांचं काम डावखुरं करून टाकलं. ज्याला सांगतो तो म्हणतो मग दे की एखाद्या डावखुऱ्याला. देईन, पण त्यात बसणारी सुरी जगात एकच आहे आणि ती मी देणार नाही. भिजवून आकार दिलेलं म्यान दुसऱ्या सुरीला चालत नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य.

त्या रात्री काही केलं नाही, म्यानांबद्दल वाचत बसलो. १९९१ साली आल्प्समध्ये इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ बर्फात सापडलेला ओत्झी, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा एक छोटा खंजीर होता, मूठ अ‍ॅशच्या लाकडाची. आणि त्याला म्यानही होतं, लिंडन झाडाच्या सालीच्या तंतूंचं विणलेलं. चामडं नाही. त्याच्या अंगावर चामड्याचे कपडे होते, म्हणजे चामडं त्याला मिळत नव्हतं असं नाही. फिनलंडच्या पुक्को सुरीच्या म्यानात तर आत लाकडाचा कोश घालतात, पातं लाकडात बसतं, चामडं नुसतं वरून, आणि शिवण मागच्या बाजूला मधोमध, धारेपासून लांब. म्हणजे धार शिवणीला लागू नये ही अडचण त्यांनी पट्टी न घालता दुसऱ्याच बाजूने सोडवली. मला जरा बरं वाटलं. एवढ्या लोकांनी एवढं डोकं लावलंय म्हणजे गोष्ट खरंच अवघड आहे, मी एकटाच ढ नाही.

तिसरं म्यान. कागदाच्या एका बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं "ही बाजू खाली". जीभ शिवताना आतल्या बाजूलाही खाच मारली, म्हणजे लूपचे टाके आत वर उभे राहत नाहीत आणि सुरीचं टोक जाता-येता त्यांना अडत नाही, ही गोष्ट दुसऱ्यात राहून गेली होती. रंग या वेळी चिकटवण्याआधी लावला, कारण शिवल्यावर लावला तर पांढरा दोराही रंगतो आणि त्याचा दिमाख जातो. स्पिरिटचा तपकिरी रंग, फडक्याने गोल गोल, पातळ हात दोनदा. चिकटवायच्या कडेला रंग लागू दिला नाही. आरी या वेळी सरळ गेली, निदान मागची रेघ रेघ तरी म्हणता येईल अशी आली. दोरा पुरला, २५ सेंटीमीटर उरला. भिजवण्याआधी साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, आणि दोन दिवस कानशीला हात लावला नव्हता. टोकापाशी पट्टीत एक बारीक भोक ठेवलं, पाणी गेलंच आत तर निघून जायला.

कडा घासणं हा शेवटचा भाग आणि मला सगळ्यात आवडलेला. तीन थर एकावर एक, गम, पट्टी, सगळं कडेला उघडं दिसतं. १२० चा सँडपेपर, मग २४०, मग ४००, मग ८००. कोपरे एज बेव्हलरने मोडायचे. मग कडेला ओल्या बोटाने किंचित पाणी लावून गुळगुळीत लाकडी दांडीने घासत राहायचं, जोर नको, वेग हवा. पाच मिनिटं काहीच होत नाही. मग एकदम दांडी घसरायला लागते, आवाज बदलतो, आणि तीन थरांच्या जागी एकच चकचकीत कड दिसते, पॉलिश केलेल्या लाकडासारखी. पुन्हा सँडपेपर, पुन्हा पाणी, पुन्हा दांडी, शेवटी मेण आणि जाड कापडाने घासणं. मी तीन वेळा केलं, गरज दोनदाचीच होती.

तेलाबद्दल एक सांगायचं राहिलं. नीट्सफूट ऑइल म्हणून एक मिळतं, गुरांच्या नडगीच्या आणि पायाच्या हाडांतून काढतात, चामड्याला पाजलं की रंग खुलतो. नावात नीट आहे पण मी नीट वापरलं नाही, दुसऱ्या म्यानाला आवडीने भरपूर पाजलं आणि चार दिवसांत ते इतकं मऊ पडलं की तो टक् आवाज गेला तो गेलाच. तिसऱ्याला फक्त रंगानंतर एक पातळ हात, आणि सगळं झाल्यावर मेणाचा लेप.

आवाज अजून आहे, सहा महिने झाले. उजव्या कमरेला बसतं. मागच्या बाजूला नवव्या-दहाव्या टाक्यापाशी रेघ जरा हलली आहे, ती मी कुणाला दाखवत नाही.

आणि सुरी? ती त्यात राहत नाही. कार्बन स्टील चामड्याच्या म्यानात कायम ठेवायचं नसतं, चामडं हवेतली ओल ओढतं आणि टॅनिन स्वतः आम्ल, पातं काळं पडतं, गंजतं. हे मित्राने मला तिसरं म्यान बघायला आला तेव्हा सांगितलं, दोनदा सुरी काढ-घाल करून झाल्यावर, सहज. मी म्हटलं अरे हे आधी का नाही बोललास? तो म्हणाला, "आधी बोललो असतो तर तू म्यान केलं असतंस का?" सुरी बाहेर नेतो तेव्हा म्यानात असते. एरवी तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात, आणि म्यान शेजारी, रिकामं.